सीमेवरचा संबळ
आळंदच्या मुलखातील गोंधळ्यांची वाटचाल

मराठीत ‘गोंधळ’ या शब्दाचे दैव मोठे विचित्र आहे. वर्गात पोरांनी आरडाओरडा केला, की ‘काय गोंधळ मांडला आहे?’ म्हणून मास्तर दरडावतात. हिशेब चुकला, गाडी चुकली, निरोप चुकला, की आपण ‘गोंधळ झाला’ म्हणून मोकळे होतो. परंतु हाच शब्द ज्या मूळ गोष्टीचा वाचक आहे, तिच्याइतकी नेमकी, क्रमबद्ध आणि शिस्तीची गोष्ट लोकजीवनात क्वचितच आढळेल. देवीपुढे चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, देवदेवतांना ठरल्या क्रमाने निमंत्रणे द्यायची, संबळाच्या तालावर स्तवन गायचे, मग आख्यान लावायचे आणि पहाटे आरतीने सांगता करायची, असा हा विधी आहे. त्याचे अधिकारी म्हणजे गोंधळी. आपली वाद्ये पाठीशी बांधून ते गावोगाव फिरतात आणि फिरण्यावरच त्यांचे पोट असते. फिरता गायनवादन-संच ही कल्पना अलीकडची वाटते, पण आपल्याकडे ती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तिला ना विजेचे वाद्य लागते, ना रंगमंच.

या संचांची वाटचाल पाहायची तर आळंदचा मुलूख त्यास फार सोयीचा आहे.

दोन राज्यांच्या मधला मुलूख

आळंद म्हणजे आळंदी नव्हे. ज्ञानेश्वरांची आळंदी पुण्याजवळ इंद्रायणीकाठी आहे. हे आळंद कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याचे तालुक्याचे गाव. तालुक्याच्या एका अंगास महाराष्ट्रातील उमरगा, दुसऱ्या अंगास अक्कलकोट, वरच्या बाजूस बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण आणि खालच्या बाजूस अफजलपूर. याच तालुक्यातून अमरजा नदी वाहत जाते आणि गाणगापुरास भीमेला मिळते. लाडले मशायख यांचा दर्गा आळंदास आहे. तुकोबांच्या गुरुपरंपरेतील राघवचैतन्यांची समाधीही आळंदासच असल्याचे सांगतात. कन्नड ही इथली मुख्य भाषा, परंतु बाजाराच्या दिवशी मराठी आणि दखनी उर्दूही तितक्याच सहजपणे कानी पडतात.

हा सारा मुलूख पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि शेजारचा उस्मानाबाद जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० पासून तो महाराष्ट्रात आला. पुढे म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. नकाशावर रेघ ओढली गेली, नावे बदलली. तथापि तुळजापूरची भवानी जिची कुलस्वामिनी आहे, अशी घरे रेघेच्या दोन्ही बाजूंस पूर्वीइतकीच राहिली. त्यांत मराठे आहेत, लिंगायत आहेत, धनगर आहेत, कारूनारू आहेत. त्यांतील पुष्कळांची घरची भाषा मराठी नाही. देवी मात्र तीच. तिला कोणी आई म्हणते, कोणी अव्वा. ज्या अर्थी देवी रेघेच्या दोन्हीकडे आहे, त्या अर्थी तिचा गोंधळीही दोन्हीकडे जाणारच.

चार माणसे, तीन वाद्ये, एक दिवटी

गोंधळ्यांचा संच लहान असतो. बहुधा चार माणसे, कधी त्याहून अधिक. मुख्य असतो तो नायक. गायन, निरूपण, पात्रांची सोंगे, मधली टीका आणि विनोद, हा सारा भार त्याच्यावर. दुसरा त्याचा साथीदार. तो झील धरतो आणि ऐन गंभीर प्रसंगी भोळेपणाचा आव आणून एखादा वेडगळ प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाने श्रोते हसतात खरे, पण तेवढ्यात नायकास श्वास घेण्यास अवसर मिळतो आणि कथेचा पुढचा धागा श्रोत्यांच्या ध्यानी येतो. तिसरा संबळ वाजवितो, चौथा तुणतुणे. झांज ज्याचा हात मोकळा असेल त्याच्याकडे.

संबळ म्हणजे जोडीने बांधलेली दोन चर्मवाद्ये. एक लहान, एक मोठे. मोठ्याचा आवाज खर्जातला, लहानाचा चढा. ती कमरेशी बांधून उभ्याने काठ्यांनी वाजवितात. तुणतुण्याची रचना याहूनही साधी. लाकडी नळकांड्याच्या बुडाशी कातडे मढविलेले असते, बाजूस एक दांडी ठोकलेली असते आणि कातड्यातून निघालेली एकच तार दांडीच्या वरच्या खुंटीस ताणलेली असते. खुंटी पिळून नायकाच्या गळ्याशी सूर मिळविला, की रात्रभर तो एकच सूर वाजत राहतो. ‘तेच ते तुणतुणे’ असे आपण कंटाळून म्हणतो. परंतु उघड्या अंगणात, कुत्र्यांच्या भुंकण्यात आणि मुलांच्या रडण्यात गाणाऱ्याला स्वतःचा सूर सापडतो तो त्या एका तारेमुळेच.

दिवटी हे वाद्य नव्हे, तरीही तिच्यावाचून गोंधळ नाही. चिंध्यांचा पीळ तेलात भिजवून पेटविलेली ही मशाल देवीचे रूप मानली जाते. यजमान तिच्यावर तेल घालतो. नायकाच्या अंगात घोळदार झगा, डोक्यास पागोटे, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत चाळ. कवड्यांची माळ हे केवळ भूषण नव्हे. ती विधिपूर्वक गळ्यात पडली म्हणजे त्या मुलास गोंधळ घालण्याचा अधिकार प्राप्त होतो. गोंधळ्यांत मुख्य दोन शाखा आहेत. कदमराई हे तुळजाभवानीचे आणि रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे. आळंदच्या बाजूस तुळजापूर जवळ, त्यामुळे तिकडचा संबंध अधिक.

आपल्या वाद्याविषयी गोंधळी एक कथा सांगतात. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध केला, त्याच्या शिरास त्याच्याच शिरेची तार जोडली आणि ते वाद्य वाजवीत तो आपली माता रेणुका हिच्यापुढे आला. तोच पहिला गोंधळ. कथा उग्र आहे, परंतु तिच्यातील अभिमान ध्यानात घेण्याजोगा आहे. चार पैशांसाठी दारोदार जाणारा हा गायक आपला मूळ पुरुष म्हणून एका अवतारी वीराकडे बोट दाखवितो.

रात्रीचा क्रम

दिवस मावळला, जेवणे उरकली, की अंगणात पाट मांडतात. त्यावर नवे वस्त्र, वस्त्रावर धान्याचा चौक, चौकावर पाण्याने भरलेला कलश, विड्याची पाने, नारळ. पाच ऊस, ते न मिळाले तर ज्वारीची पाच धाटे, वर बांधून मंडप करतात. आळंदच्या काळ्या रानात धाटांस तोटा नाही. यजमान दांपत्य पूजा करते. दिवटी पेटते आणि संबळावर पहिली थाप पडते.

आरंभी आवाहन. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी, पंढरपूर अशा एकेका स्थानाचे नाव घेऊन त्या त्या देवतेस गोंधळास येण्याची विनंती करतात. यजमानाच्या गावची ग्रामदेवताही त्यांत असावी लागते. येथे नायकाचे शहाणपण कसास लागते. ज्या गावात गेलो, तेथला मारुती कोणता, पीर कोणता, शिवेवरची देवी कोणती, हे त्याने सायंकाळीच विचारून ठेवलेले असते. आपल्या गावच्या देवाचे नाव तुळजापूरच्या बरोबरीने ऐकू आले, की मागे बसलेली म्हातारी माणसेही पुढे सरकतात. पाहुण्या कलावंताने परगावची मर्जी संपादन करण्याची याहून सुंदर रीत कोणती असेल?

आवाहन आणि देवीस्तवन हा पूर्वरंग. जोगवा होतो, संबळाची लय वाढते आणि दिवटी घेऊन नाचणे होते. त्यानंतरचा उत्तररंग म्हणजे आख्यान. हरिश्चंद्र, चिलया बाळ, मार्कंडेय, किंवा द्रौपदीच्या मनातील गुपित उघडे पाडणारे जांभूळ आख्यान. हेच जांभूळ आख्यान शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांनी रंगमंचावर आणले आणि ज्यांनी कधी अंगणातला गोंधळ पाहिला नव्हता, अशा शहरी प्रेक्षकांस त्याची गोडी लाविली. आख्यानात नायक एकटाच राजा होतो, राणी होते, सासू होते, डोंबही होतो. उपरणे डोक्यावर घेतले की स्त्री, कमरेस गुंडाळले की शिपाई. नेपथ्य म्हणजे दिवटीचा उजेड. पहाटे आरती होते, देवतांना आपापल्या स्थानी परत जाण्याची प्रार्थना होते आणि मग चौकातील धान्य आवरले जाते.

दोन भाषांचा गळा

आळंदच्या मुलखातील गोंधळ्याचे वैशिष्ट्य आहे ते त्याच्या भाषेत. कर्नाटकाच्या उत्तर भागातील गोंधळी घरात मराठी बोलतात आणि अंगणात कन्नड गातात. यजमान कन्नड असेल तर आख्यान कन्नडमधून, मराठी असेल तर मराठीतून. आणि अंगणात दोन्ही बसले असतील तर गाणे एका भाषेत व निरूपण दुसऱ्या भाषेत. विनोदी साथीदार तर या द्वैभाषिकतेवरच जगतो. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत भलताच अर्थ देतो आणि त्याच्या त्या ठरवून केलेल्या घोटाळ्यावर सारा मांडव हसतो. सीमेवरच्या भांडणांच्या बातम्या वृत्तपत्रांतून पुष्कळ येतात. सीमेवरचे हे हसणे मात्र सहसा छापून येत नाही.

या परंपरेस अलीकडे मोठा मान मिळाला. बागलकोटचे वयोवृद्ध गोंधळी गायक वेंकप्पा अंबाजी सुगतेकर यांस २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. आयुष्यभर कन्नडमधून गोंधळाची पदे गाणाऱ्या या गायकाचे नाव वाचले, की त्यात दोन्ही प्रांतांच्या खुणा दिसतात. त्याच वर्षी गोव्यातील भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘गोंधळ’ नावाच्या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक संतोष डावखर यांस उत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला. म्हणजे एका वर्षात दोन भाषांतून, दोन निरनिराळ्या वाटांनी, या जुन्या विधीकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

नावाचे मूळ शोधू गेल्यास तेही आळंदच्या शेजारीच सापडते. आजचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. त्यात ‘गोंडली’ नामक नृत्याचा उल्लेख येतो. पुढे तेराव्या शतकात काकतीयांचा सेनापती जाय याने ‘नृत्तरत्नावली’त, कल्याणच्या सोमेश्वराने एका उत्सवात भिल्लिणीच्या वेषातील नर्तकीचे नृत्य पाहिले, त्याचा संबंध या गोंडलीशी जोडला आहे. ‘गोंडली’पासून ‘गोंधळ’ शब्द आला असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. ते मान्य केले, तर आळंदच्या वाटेने जाणारा गोंधळी हा परक्या प्रांतातला पाहुणा ठरत नाही. तो आपल्या मूळ गावाच्याच आसपास फिरत असतो.

वाट, मुक्काम आणि शिधा

गोंधळ्याचे वर्ष पंचांगावर चालते. आश्विनात नवरात्र, त्या वेळी उसंत नसते. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले, की माणसांच्या लग्नांस आरंभ होतो आणि वैशाख-ज्येष्ठापर्यंत बोलावणी येत राहतात. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा हे दिवस विशेष. पावसाळ्याचे चार महिने मात्र कोरडे जातात. पाऊस शेतकऱ्यास पिकवितो आणि गोंधळ्यास उपाशी ठेवतो. त्या काळात काही जण शेतमजुरी करतात, काही कुटुंबे भांडी घेऊन जुन्या कपड्यांच्या बदल्यात ती विकीत फिरतात. गोंधळ घालणे परंपरेने पुरुषांचे काम. परंतु पुरुष हंगामभर बाहेर असता घर चालते ते बायकांच्या कष्टांवर. अंगणातल्या टाळ्या त्यांच्या वाट्यास येत नाहीत.

पूर्वी हा प्रवास पायी होई. उमरग्याकडून खजुरीमार्गे आळंद, आळंदहून गाणगापूर, तेथून अक्कलकोटकडे, अशा या मुलखातल्या वाटा. ठरलेली गावे, ठरलेली घरे. अठरा अलुत्यांच्या काही याद्यांत गोंधळ्याचे नाव येते. म्हणजे गावगाड्यात त्याचा हक्क मान्य होता. खळ्यावर धान्याची रास पडली, की त्याचा वाटा बाजूस निघे. ज्याच्या वाट्याची जी गावे, त्यांत दुसऱ्याने शिरायचे नाही, असा दंडक असे. पुढे एस्.टी. आली, कर्नाटकाच्या गाड्या आल्या. संबळ फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचा, तुणतुण्याची दांडी खिडकीस लागू द्यायची नाही, दिवटी आणि झग्याचे गाठोडे बाकाखाली सरकवायचे, असा प्रवास सुरू झाला. आता एकाच फटफटीवर दोघे आणि मध्ये संबळ, असेही दृश्य दिसते. बोलावणे येते ते भ्रमणध्वनीवर.

तमाशाच्या फडाशी या जीवनाची तुलना करून पाहावी. मोठा ढोलकीफड निघाला, की मालमोटारी, तंबू, पडदे, विजेची यंत्रे, नर्तकी, वादक, हमाल, स्वयंपाकी असे अख्खे गावच हलते. त्याच्या सुपाऱ्या नारायणगावी राहुट्यांत ठरतात. तिकिटे विकली जातात, कर्ज काढले जाते, बुडविलेही जाते. गोंधळ्याचा संसार याच्या उलट. भांडवल म्हणजे दोन कातडी आणि एक तार. तिकीट नाही, तंबू नाही. यजमानाचे अंगण हेच नाट्यगृह. त्यामुळे त्यास मोठा नफा नाही आणि मोठे दिवाळेही नाही. फडाचा मालक व्यापारी असतो, गोंधळी पाहुणा असतो. पाहुण्याचे सुख आणि पाहुण्याची लाचारी, दोन्ही त्याच्या वाट्यास येतात.

हे पाहुणेपण कसे असते? यजमान जेवू घालतो, परंतु जेवण कार्य उरकल्यावर, पुष्कळदा सर्वांच्या मागून. भरल्या पोटी गाता येत नाही आणि रिकाम्या पोटी रात्र निघत नाही; म्हणून थोडके खाऊन उभे राहायचे. निजणे देवळात, चावडीत किंवा शाळेच्या ओसरीवर, तेही उजाडल्यावर, म्हणजे सारा गाव जागा झालेला असताना. हिवाळ्यातल्या दमट रात्री संबळाचे कातडे सैल पडते, ते विस्तवावर शेकून घ्यावे लागते. उन्हाळ्यात तेच इतके ताणते की फुटण्याची धास्ती. दिवटीचा धूर डोळ्यांत आणि घशात जातो. रात्रीच्या रात्री उभे राहून गुडघे धरतात. चाळिशी उलटली, की नायकाचा वरचा सूर उतरू लागतो आणि मग तो निरूपण वाढवितो, गाणे कमी करतो. जाणत्या श्रोत्यास ते कळते. भला श्रोता ते बोलून दाखवीत नाही.

मोबदला त्रिविध असतो. ठरलेली बिदागी, चौकातले धान्य, नारळ, खण, म्हणजे शिधा, आणि रात्रीत श्रोत्यांनी दिलेली ओवाळणी. आळंदकडे शिध्यात ज्वारीबरोबर तूर येते. कलबुर्गीची तूर प्रसिद्ध असून २०१९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. सकाळी चारही माणसे गाठोडे सोडून वाटणी करतात. पुष्कळ संचांत सर्व जण एकाच भाऊबंदकीतले असतात. त्यामुळे वाटणीवरून तंटा झाला, तर तो चुलत्या-पुतण्यांत होतो आणि मिटतोही संध्याकाळपूर्वी. कारण संबळ एकाकडे आणि गळा दुसऱ्याकडे असतो.

पाठांतराची शाळा

ही विद्या शिकविण्याची शाळा कोठे आहे? ती वाटेवरच आहे. पोर प्रथम झांज धरते. झांजेवर लय पक्की झाली, की झील धरू लागते. मग तुणतुणे, मग संबळ आणि शेवटी, गुण असेल तर, नायकी. आख्याने बहुतेक मुखोद्गत. रात्र लहान असेल तर कथा आटोपती घ्यायची, यजमान रंगात आला तर वाढवायची, हे पोथीत लिहून ठेवता येत नाही. ते बापाच्या मागे उभे राहूनच शिकावे लागते.

करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे या शाळेतले अवघड विषय. करपल्लवी म्हणजे बोटांच्या खुणांनी अक्षरे सांगणे, नेत्रपल्लवी म्हणजे डोळ्यांच्या खुणांनी. श्रोत्याने एखादे नाव एका गोंधळ्याच्या कानात सांगावे आणि दूर उभ्या असलेल्या दुसऱ्याने, एक शब्दही न ऐकता, ते उच्चारून दाखवावे. भोळ्या श्रोत्यांस हा देवीचा चमत्कार वाटतो. वस्तुतः ती वर्णमालेची कसून केलेली मशागत आहे. ज्यांस निरक्षर म्हणून हिणविले गेले, त्या माणसांनी अक्षरे बोटांवर बसविली होती, ही गोष्ट शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी विसरू नये.

इतिहासानेही या पाठांतराचे ऋण घेतले आहे. शिवकालात अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने, म्हणजेच अगिनदासाने, पोवाडा रचिला. तो गोंधळी होता असे मानतात. पुढे अशी जुनी कवने गोंधळ्यांच्याच तोंडी टिकून राहिली. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा कागदावर उतरलेली ती सामग्री मुळात गळ्यागळ्यांतून आलेली होती. छापखाना नसता गोंधळी हाच त्या काव्याचा ग्रंथालय होता.

मोडती घडी

ही घडी आता मोडू लागली आहे, हे मान्य केले पाहिजे. कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण वेळेचे. लग्ने कार्यालयांत होऊ लागली. कार्यालय दिवसाच्या भाड्याने मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुसरे लग्न उभे असते. रात्रभरचा गोंधळ तेथे मावत नाही. घरी घातला तरी नोकरदार मंडळींस सकाळी निघायचे असते. म्हणून पूर्वरंग उरकून आरती करायची आणि आख्यान सोडून द्यायचे, अशी रीत पडत आहे. विधी राहतो, कथा जाते. आणि कथा गेली, की नायकाच्या कलेतला मोठा भाग निकामी होतो.

दुसरे कारण आवाजाचे. वरातीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहू लागल्यापासून कानांना कमी आवाज हा आवाजच वाटेनासा झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी केली. संबळास ध्वनिक्षेपक कधीच लागत नव्हता. परंतु आता यजमानच तो लावण्याचा आग्रह धरतो. मग दहाच्या ठोक्यास गोंधळही आवरता घ्यावा लागतो. मोठ्या आवाजाच्या नादात एका तारेचा सूर तर मुळीच ऐकू येत नाही.

तिसरे कारण २०२० सालच्या साथीने उघड केले. त्या वर्षी चैत्र-वैशाखाचा ऐन हंगाम टाळेबंदीत गेला. लग्ने थांबली, वाहने थांबली, राज्यांच्या सीमांवर नाकी बसली. २०२१ सालीही दुसऱ्या लाटेने तोच हंगाम हिरावला. पिढ्यांनी पायाखाली घातलेली वाट प्रथमच बंद झाली. ज्या घरांत त्या दोन वर्षांत पोरे मजुरीस किंवा शहरात कामास गेली, त्या घरांतून ती पुन्हा संबळाकडे वळतीलच असे नाही. चार माणसांच्या संचातून एक जरी गेला, तरी उरलेल्या तिघांचे काम अडते.

चौथे कारण शाळेचे; आणि ते सर्वांत नाजूक आहे. लग्नांचा भर आणि वार्षिक परीक्षा एकाच ऋतूत येतात. मुलगा बापाबरोबर गेला तर वर्ष बुडते, शाळेत राहिला तर विद्या बुडते. शाळेचा कैवार घेणाऱ्या कोणासही मुलाने झांज धरून रात्री जागाव्यात असे वाटणार नाही, आणि ते रास्तच आहे. गोंधळ्याच्या मुलाने शिकावे, नोकरी करावी, पाहुण्यांच्या मागून न जेवता आपल्या घरी ताठ मानेने जेवावे, हा त्याचा हक्क आहे. त्यात आणखी एक पेच सीमेचा. जातीच्या याद्या राज्याराज्यांच्या वेगळ्या. महाराष्ट्रात गोंधळी भटक्या जमातींत मोडतात. त्या यादीचा लाभ रेघेपलीकडे राहणाऱ्यास मिळत नाही. एकाच आजोबांचे दोन नातू, एक उमरग्यास आणि एक आळंदास, दोन निरनिराळ्या नियमांखाली शाळेत जातात. शिवाय आळंदकडचा मुलगा कन्नड शाळेत शिकतो. आजोबांची मराठी आख्याने तो ऐकतो, समजतो, गातोही, पण ती देवनागरीत लिहून ठेवणे त्यास जमत नाही.

काय करता येईल

गोंधळ जसाच्या तसा राहावा म्हणून एखाद्या मुलाचे आयुष्य अडवून धरणे योग्य नव्हे. परंतु मुलास शिकवायचे म्हणून आजोबांची विद्या विसरावी, हेही ओघाने येत नाही. या दोहोंच्या मध्ये करण्याजोगे पुष्कळ आहे. आख्याने ध्वनिमुद्रित करून ठेवता येतील आणि आता त्यास साधा भ्रमणध्वनीही पुरतो. मराठी आख्यान कन्नड लिपीत लिहिण्यास हरकत नाही. लिपी कोणतीही असो, शब्द टिकला पाहिजे. आळंद तालुक्यातच कडगंची येथे २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. एवढे मोठे विद्यापीठ ज्या वाटेवर आहे, त्याच वाटेने संबळ जातो. शाळांस आपल्या स्नेहसंमेलनात चित्रपटातील गाण्यांऐवजी जवळच्या गोंधळ्यांचा एक तास ठेवता येईल आणि मुलांसमोर त्यास रीतसर बिदागी देता येईल. वर्गात बसलेल्या गोंधळ्याच्या मुलास त्या दिवशी आपल्या बापाचे काम प्रथमच वेगळ्या नजरेने दिसेल.

आणि सर्वांत सोपी गोष्ट यजमानाच्या हाती आहे. गोंधळ घालायचाच असेल, तर आख्यानासह घालावा. ध्वनिक्षेपक लावू नये. ठरलेली बिदागी सकाळी न मागता द्यावी. आणि गाणाऱ्यांची पाने आपल्याच पंगतीत मांडावीत. देवीचे निमंत्रण घेऊन जो आपल्या दारी येतो, त्यास शेवटच्या पंगतीला बसविणे हे देवीच्या भक्तास शोभणारे नाही. चार माणसांची ही गाडी पिढ्यान्पिढ्या चालत आली ती राजाश्रयावर नव्हे, अंगणांच्या आश्रयावर. आळंदच्या अंगणांनी तो आश्रय कायम ठेवला, तर कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत हसविणारा तो भोळा साथीदार पुढच्या लग्नसराईतही खजुरीच्या वाटेने येईल.